उंबऱ्याबाहेर थांब

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॅरोच्या बसमध्ये होते. रडू आलं नाही. निखिलला कोण कळवणार, एवढंच मनात आलं... त्यांचा हा एकुलता एक मुलगा इथल्या, ब्रिटिश आर्मीत, आणि तेव्हा परदेशी पोस्टिंगवर होता. शेवटी मीच कळवलं. लंडनच्या पिनरमध्ये वीस वर्षं आम्ही शेजारी होतो.

त्यांच्या हॉलमध्ये चॅरिटी शॉपमधून आणलेलं एक चित्र होतं, एकोणिसाव्या शतकातल्या कुणा अमेरिकन चित्रकाराचं. शेतावरच्या घरात लढाईहून परतलेला, निळ्या कोटातला शिपाई. म्हातारा बाप खुर्चीतून अर्धवट उठलेला, बायकोचे हात पिठाचे, छोटी मुलगी तिच्या झग्यामागे. मला ते गोड वाटायचं. ताईंना नाही. “अगं, सगळे त्याच्याकडे बघतायत, पण तो कुणाकडे बघतोय?” खरंच, तो कुणाकडेच बघत नव्हता. “थेट आत घेतलंय त्याला. भाकरतुकडा कुणी ओवाळलाच नाही.”

ही बोच चित्रापुरती नव्हती. निखिल पहिल्यांदा लढाईवरून घरी आला, तेव्हा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या त्यांनी सकाळपासून तयार ठेवला होता. बेल वाजली आणि त्या सगळं विसरून धावल्या, मिठी मारून त्याला आत ओढलं. पुढे महिनाभर तो घरात असून नसल्यासारखा होता. जेवायला दाराकडे तोंड करून बसायचा, कचऱ्याची गाडी आली तरी दचकायचा. मी म्हटलं, ताई, हा डॉक्टरचा विषय आहे. त्यांनी त्याला डॉक्टरकडे पाठवलंही, पण चूक आपलीच झाली, हे त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून त्यांच्या फ्रीझरमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेला एक तुकडा कायम असायचा, वर त्यांच्या अक्षरात ‘निखिल’. तो पोस्टिंगवर असताना अनोळखी नंबर आला, की त्या फोन माझ्या हातात द्यायच्या. “तू घे.” बहुतेक वेळा कुणीतरी ब्रॉडबँड विकत असायचं. तरी मी फोन ठेवेपर्यंत त्या खाली बसत नसत.

फ्युनरलच्या आदल्या दिवशी दुपारी निखिल आला. ताईंच्या घराचं दार मी उघडलं. बॅग खाली ठेवून तो बाहेरच उभा राहिला.

“ये ना.”

“मावशी, आई म्हणाली होती, नेक्स्ट टाइम बाहेर थांब.”

सुतकात हे करतात की नाही, कोण जाणे. मी फ्रीझर उघडला. तुकडा दगडासारखा झाला होता. तो ओवाळला, पाणी ओवाळलं, सगळं बाजूला टाकलं. त्यानं मान खाली घातली होती. मग वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. “आता येऊ?”

तो परत पोस्टिंगवर गेलाय. चित्र माझ्याकडे ठेवून गेला. माझ्या फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली नवा तुकडा आहे. फॉइल मात्र जुनीच, ताईंच्या अक्षरातली. आणि अनोळखी नंबर आला, की तो आता मलाच घ्यावा लागतो.