विमानाच्या धुराच्या बदल्यात

लग्नानंतर आम्ही दोघांनी चंद्रपुरात ट्रॅव्हल्सचा धंदा सुरू केला, तेव्हा आमच्याकडे एक जुनी जीप होती आणि फोन शेजारच्या दुकानात होता. नागपूरच्या विमानतळावरून पाहुणे आणायचे, जंगलात वाघ दाखवायचा आणि पुन्हा विमानात बसवून द्यायचे, एवढंच काम. नवरा जीप चालवायचा, मी पाहुण्यांशी बोलायचे. इंग्रजी मला शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनी शिकवलं होतं आणि लाजणं मात्र कोणीच शिकवलं नव्हतं. दोन हजार सालानंतर परदेशी पाहुणे वाढले आणि एका परदेशी कंपनीचे गट दर हिवाळ्यात आमच्याकडेच येऊ लागले.

एका वर्षी पहिला गट यायच्या आधी त्या कंपनीची अधिकारी बाई स्वतः आली. पन्नाशीची, उंच, उन्हानं नाक लाल झालेली. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. चहा घेता घेता तिनं सांगितलं, की आमची माणसं तुमचं जंगल पाहायला इतक्या लांबून विमानानं येतात, त्या विमानाच्या धुरानं हवा तापते आणि शेवटी झळ जंगलालाच बसते. पाहुणे आता हे विचारायला लागलेत. म्हणून प्रत्येक तिकिटामागे आम्ही काही रक्कम बाजूला ठेवणार आहोत. विमान जेवढा धूर करतं तेवढा इथे कुठेतरी कमी झाला पाहिजे. आम्ही झाडं लावायचं ठरवलंय.

नवरा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "झाडं? इथी? आपल्या इथी झाडाइचीच कमी आहे का व?"

मी मॅडमला सांगितलं, "झाड लावायला काही लागत नाही. ते उन्हाळ्यात जगवायला माणूस लागतो. आणि मोकळी जागा म्हणून जी तुम्हाला दिसते, तिथे गावाची गुरं चरतात. तिथे कुंपण घातलं तर गुरं जंगलात शिरतील."

"मग काय करायचं?"

"उद्या माझ्याबरोबर चला, म्हणजे सांगते."

तोवर माझ्याजवळ नेमकं उत्तर नव्हतं. पण ते कोणत्या गावात सापडेल हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी मावशी चिमूर तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या एका गावात राहायची. शाळेच्या सुट्ट्या मी तिच्याकडे काढल्या होत्या आणि तिच्यामागे चालत डोक्यावर सरपणाची मोळीही आणली होती. मावशी काळीसावळी, बारीक, आवाजानं मात्र अख्ख्या गल्लीला पुरून उरेल अशी. घरात फळीवर बुद्धाची तसबीर होती. ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसावी लागायची, कारण रोज तिच्यावर काजळी बसायची.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी भात शिजवत होती. मॅडम कौतुकानं वाकून आत शिरली आणि लगेच डोळे चोळत, खोकत बाहेर आली.

"काऊन व, पाहुनीले काय झालं?" मावशीनं आतूनच विचारलं.

"धूर लागला, मावशी."

"एवढ्यातच? आमी तं जनम काढला याच्यात!" असं म्हणताना तिला स्वतःलाच खोकल्याची उबळ आली.

मी मॅडमला अंगणात खाटेवर बसवलं. म्हटलं, "हे लाकूड तुम्ही पाहुण्यांना जे दाखवायला आणता त्याच जंगलातून येतं. बाया ते आणायला वाघाच्या जागेत जातात. त्यातलं अर्धं चुलीत वाया जातं आणि धूर होऊन यांच्या छातीत बसतं. कमी लाकडात भात शिजला, तर धूरही कमी आणि जंगलही उभं. तुमच्या विमानाच्या बदल्यात हे करा."

ती म्हणाली, "पण पाहुण्यांना झाड आवडतं. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो."

"तुम्हाला धूर कमी करायचाय की फोटो काढायचाय?"

नवऱ्यानं घसा खाकरला. या कंपनीचे गट गेले असते, तर आमचा हिवाळाच गेला असता. पण मला भीती वाटली नाही, कारण मी खरं तेच विचारलं होतं. मॅडम हसली. "धूर," ती म्हणाली.

पहिल्या वेळी आम्ही फसलो. कंपनीनं शहरातून पत्र्याच्या सुबक शेगड्या पाठवल्या. त्यांचं तोंड एवढंसं, त्यामुळे लाकूड बारीक फोडत बसावं लागायचं, आणि आमच्याकडचा भाताचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, वर ठेवला की शेगडी कलायची. महिन्याभरानं मी गेले तर मावशीच्या शेगडीच्या आडोशाला कोंबडी अंड्यांवर बसलेली.

"मी काय करू?" मावशी म्हणाली. "पोरीइच्या खेळन्यातली शेगडी आनून देल्ली तू मले. हिच्यावर आमच्या घरचा भात होते का?"

मी तिथेच खाली बसले. चुलीपाशी मी लहानपणापासून फुंकणी घेऊन बसले होते, शेगडीचं काय चुकलं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मावशी, तिच्या शेजारच्या दोघी आणि मी, अशा आम्ही मातीत भाताचं तणस आणि शेण कालवून आमच्या मापाची चूल घातली. पुढचं तोंड रुंद, जाड ओंडका जाईल असं. मागे दुसरं तोंड, तिथे उरलेल्या आचेवर पाणी तापेल. आणि भिंतीला लागून सिमेंटचा पाइप, धूर छपराबाहेर नेणारा. पहिली चूल वाळताना तडकली, दुसरीनं धूर उलटा घरात सोडला. तिसरी मात्र अशी पेटली, की मावशी फुंकणी हातात धरून नुसतीच बघत राहिली.

मग कंपनीच्या पैशानं गावात घरोघर तशीच चूल घालायला घेतली, तेव्हा खरी अडचण पाइपाची झाली. घराघरातले पुरुष छपरावरचे मातीचे कवेलू हलवू देईनात, पावसात घर गळेल म्हणून. शेवटी माझा नवरा स्वतः छपरांवर चढला आणि त्यानं एकेक पाइप नीट बसवून दिला. मग वानरांनी त्या पाइपांवर उड्या मारून ते मोडले. आम्ही पाइप आखूड केले आणि भोवती बाभळीचे काटे बांधले. वानरं दोन दिवस छपरावर बसून आमच्याकडे रागानं बघत होती, मग निघून गेली.

पुढच्या हिवाळ्याआधी कंपनीच्या कचेरीतल्या एका माणसाचा फोन आला. किती चुली झाल्या? मी आधीच घरोघर जाऊन पाहून आले होते. बऱ्याच पेटत होत्या, काही तडकल्या होत्या आणि काही घरांत जुन्या चुलीवरच स्वयंपाक चालला होता. तो म्हणाला, घातल्या तेवढ्या सगळ्या हिशेबात धरू.

मी म्हटलं, "जी चूल पेटतच नाही तिनं धूर कसा कमी केला? पेटतात तेवढ्याच धरा. बाकीच्या मी दुरुस्त करून घेते, मग त्या सांगेन."

दुसऱ्या दिवशी मॅडमनं स्वतः फोन केला. तिनं माझंच म्हणणं मानलं होतं, पण आवाज उतरलेला होता. "अशानं विमानाच्या धुराची भरपाई होत नाही. फार कमी पडतं."

"मग विमानच कमी करा," मी म्हणाले. "समुद्र तर विमानानंच ओलांडावा लागेल. पण दिल्लीहून नागपूरला पुन्हा विमान कशाला? दिल्लीची रेल्वे थेट चंद्रपूरला येते."

फोन ठेवल्यावर नवरा कपाळाला हात लावून बसला. "तू धंदा बुडवून राह्यली."

"पाहुने वाघ पाहाले येतात, इमानतळ पाहाले नाई येत," मी म्हणाले. "तुमी स्टेशनवर गाडी घेऊन या फक्त."

रेल्वेनं आलेला पहिला गट मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. सकाळच्या थंडीत चंद्रपूरच्या फलाटावर उतरले, केस विस्कटलेले, चेहरे मात्र खुललेले. एका बाईनं मला सांगितलं, की डब्यातल्या कुटुंबानं तिला पुऱ्या आणि लोणचं खाऊ घातलं. एक म्हातारे गृहस्थ संडासावरून फार चिडले होते. त्यांची मी माफी मागितली, गरम पाणी दिलं, तरी ते पुन्हा कधी आले नाहीत. पण गट काही कमी झाले नाहीत. पुढे कंपनीनं आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यांसाठी रेल्वेच ठरवून टाकली आणि समुद्र ओलांडणाऱ्या विमानाच्या बदल्यात चुलींना मदत चालू ठेवली.

पाहुण्यांना मी गावात न्यायचे तेव्हा साफ सांगायचे, की या चुलींनी तुमचा सगळा धूर पुसला जात नाही, थोडा कमी होतो. काहींना ते आवडायचं नाही. बहुतेक जण मात्र मान हलवायचे आणि मावशीच्या घरात वाकून शिरून, डोळे न चोळता, चुलीशी बसायचे. मावशीचा खोकला पूर्ण गेला नाही, पण उतरला. सरपणाला तिला रोज जावं लागत नव्हतं. त्या मोकळ्या सकाळी ती नात्यातल्या, ओळखीच्या घरी जाऊन त्यांच्या चुलींतल्या चुका काढायची.

मग शेजारच्या गावाहून चुलींसाठी निरोप आला. मी निघायच्या तयारीत होते, तर मावशी नवं लुगडं नेसून, माती मळायची पाटी घेऊन जीपपाशी उभी.

"तू कुठी निघाली, मावशी?"

"मंग काय तू एकटी जाते? तुले इंग्रजी येते. चुलीचं तोंड किती ठेवाचं हे त्या बायाइले मी सांगन." तिनं पाटी मागे टाकली, माझ्या नवऱ्याशेजारच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि मला मागे बसायला सांगितलं.