भागोजीचा राहिलेला नवस

मथुराने जन्मात कधी देवाकडे काही मागितलं नाही. भक्ती नव्हती असं मुळीच नाही. सकाळी तुळशीला पाणी आणि तिन्हीसांजेला दिवा, यात तिचा खंड पडत नसे. पण मागायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. "पावनाईच्या मागं अख्खा गाव लागलेला, त्यात मी कशाला आनकी?" असं म्हणून गावदेवीच्या देवळात ती हात जोडी आणि लगेच पाठ फिरवी.

तिच्या वाटणीचंही सगळं मागून घ्यायला तिचा नवरा भागोजी समर्थ होता. बैल रानात चुकला की नवस. गाय अडली की नवस. मुलगी मैना सातवीच्या परीक्षेला बसली तेव्हा पेपराआधी एक आणि निकालाआधी एक. भागोजी मुंबईत छापखान्यात कामाला होता, पण तिथूनही पत्र टाकून तो देवीला नारळ कबूल करायचा. ते नारळ देवळात नेऊन फोडायचं काम अर्थातच मथुराकडे. चढण चढताना धापा टाकत ती देवीपाशी नवऱ्याच्या कागाळ्या सांगत जायची.

एका गोष्टीवरून मात्र ती खरोखर फुरंगटे. गावातले इतर चाकरमानी गणपतीला येत. भागोजीला मोठी रजा वर्षातून एकदाच मिळे आणि अलीकडची काही वर्षं ती तो शिमग्यासाठी राखून ठेवी. शिमग्यात देवी पालखीत बसून देवळाबाहेर पडते, घरोघर जाते आणि दर घरच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या सारवलेल्या अंगणात, पुरुषमाणसं तिची पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. आपल्या खळ्यात पालखी आली की भागोजी पुढच्या दांडीला खांदा लावी तो सोडायचं नावच घेत नसे. एका वर्षी अंगात ताप होता तरी नाचला. "बायकोला भेटायला येताव की पालखी नाचवायला?" असं मथुराने विचारलं, तर हा गडी हसून म्हणाला, "चा टाक गो जरासा."

असा हा माणूस पंचाऐंशी सालच्या मार्गशीर्षात मुंबईला काविळीने गेला. तार गावात पोचेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. मथुराला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. दिवसकार्य मैनाने आणि जावयाने पार पाडलं, मैना सासरी गेली, आणि घरात मथुरा एकटी राहिली. ती देवळाकडे फिरकेनाशी झाली. एवढे नवस ज्याने केले त्याला देवीने असा परमुलखात जाऊ द्यावा, याचा तिला संताप आला होता, आणि तो ती कोणापासून लपवतही नव्हती. "यंदा माज्या खळ्यात पालखी नको," असं तिने गावकऱ्यांना निक्षून सांगितलं.

माघात वाडीतला काशीराम शिमग्यापर्यंत राहायला गावी आला. मुंबईत तो भागोजीच्याच खोलीत राहायचा. भागोजीची ट्रंक त्याने ओटीवर ठेवली आणि खाली मान घालून म्हणाला, "वैनी, शेवटच्या दिशी भागोजीदादा सुदीवर व्हता. म्हनालान, माजा देवीचा एक नवस हाय, यंदा माज्याच्यानं व्हायचा नाय. मथुराला सांग, तिनं करावा."

"कंचा नवस?"

"त्ये काय बोल्ला नाय. मी इचारला, तर नुसती मान हलवलान."

झालं, मथुराची झोप उडाली. तिचा स्वतःचा राग तिच्यापाशी, पण मरणाऱ्या माणसाने आपल्यावर सोपवलेलं काम आपल्याला ठाऊकच नसावं, हे तिला सहन होईना. बैलाचा नवस फेडला होता. गाईचाही. मैनाला निरोप धाडला, तर तिलाही काही माहीत नव्हतं. शेजारच्या गोदूबाईला विचारलं, तर गोदूबाईला एकाएकी शेणी थापायची आठवण झाली. वाडीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांपैकी ज्याला विचारावं तो पायांकडे बघे आणि काहीतरी पुटपुटत वाटेला लागे. या सगळ्यांना ठाऊक आहे, हे कळायला मथुराला फार वेळ लागला नाही.

ती तडक बाबल गुरवाकडे गेली. गावातला प्रत्येक नवस बाबलच्या तोंडून देवीच्या कानावर जायचा. सत्तरी उलटली तरी कोण कधी काय बोललं ते त्याला पाठ होतं.

"मला ठाव हाय," बाबल म्हणाला, "पन हितं सांगता येनार नाय. कुनाच्या जिवासाठी बोललेला नवस हाय तो. ज्याच्यासाठी बोलला त्याच्या कानावर जाता नये, अशी आपल्या गावची रीत. आता बोलनारा गेला, तर सांगीन. पन देवीम्होरं, तुज्याच खळ्यात. पालखी घेतेस काय घरला?"

मथुरा उठून चालू लागली. घरी येऊन दोन दिवस ती भांडी आदळत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने शेण कालवलं आणि खळं सारवायला घेतलं. सारवताना रडत होती आणि मधूनच देवीला दोन शब्द सुनावत होती, असं गोदूबाई सांगते.

पालखी आली ती सकाळी नवाच्या सुमाराला. ढोल वाजत होता. मैना आदल्या दिवशीच सासरहून आली होती, देवीची ओटी तिने भरली. विधवेने ओटी भरायची नाही म्हणून मथुरा बाजूला उभी होती. पालखी खळ्यात टेकवली, ढोल थांबला आणि बाबल गुरवाने हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे आई पावनाई, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडला.

"आठ वर्सांमागं सरावनात, ह्या घरचा भागोजी मुंबैहून धावत तुज्या पायाशी आला. त्याची अस्तुरी बाळंतपनात अडली. पोरगा हाताला लागला नाय. तिला गावानं झोळीत घालून सडकेला नेली आनि रत्नांग्रीच्या इस्पितळात टाकली. डाक्टर काय सांगत नव्हता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तवा तो काय बोल्ला? आई, माजी मथुरा पायानं चालत घरला येवंदे. ती जिती हाय तवर दर शिमग्याला तिच्या खळ्यात तुजी पालखी नाचवीन. कुठंबी असलो तरी येन. असा बोल्ला, आनि ह्या गावानं तुला व्हय म्हाराजा म्हटला!"

या खेपेला "व्हय म्हाराजा" फार हळू आलं. बायाबापड्या डोळ्यांना पदर लावत होत्या.

मथुरा पालखीपाशी जाऊन बसली. आठ शिमगे तिच्या डोळ्यांसमोरून गेले. ताप अंगात घेऊन तो नाचला ते तिच्यासाठी. गणपती सोडले ते तिच्यासाठी. आणि ती त्याला चहा देतानासुद्धा टोमणे मारत होती! तिला हुंदके आवरेनात. मैनाने जवळ घेतलं तशी ती आणखीच रडली. पण त्या रडण्यातही तिला कळत होतं, की तीन महिन्यांत आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं हलकं होतं आहे. इतका कोणी आपल्याला जीव लावला होता, आणि देवीने त्याचं ऐकलं होतं. आठ वर्षं तिने भाकरी भाजल्या, भात लावला, मैनाचं लग्न पाहिलं, ती सगळी वर्षं या दोघांनी तिला दिलेली होती.

डोळे पुसून ती उठली. "त्या दिशी देवळात कोन कोन व्हता?" तिने दरडावून विचारलं.

एक हात वर झाला. मग दुसरा. मग खळ्यातले निम्म्याहून अधिक.

"आनि आठ वर्सांत एकाच्याबी तोंडातनं वाफ निघाली नाय? सगळेच मुके!" ती ओरडली. मग त्यांच्यासमोर हात जोडून तशीच उभी राहिली. झोळीला खांदा देणारे त्यातलेच होते.

बाबल तिच्याजवळ आला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मथुरा, आता नाचवनारा ऱ्हायला नाय. वरसावरसाला तुला जड जाईल. नारळ ठेवून देवीकडं सोडवनूक मागता येती. आजच मागूया काय? कुनी तुला नावं ठेवनार नाय."

मैना आईकडे बघू लागली. ढोलवाल्याने काठ्या खाली घेतल्या.

"काय म्हनालान त्यो?" मथुराने विचारलं. "परत सांगा, बाबलकाका."

"ती जिती हाय तवर."

"मग मी मेली काय?" पदर कमरेला खोचत मथुरा म्हणाली. "काशीराम, पुढच्या दांडीला तू लाग. उचला!"