बाबांच्या पुढ्यातली मोकळी जागा

आमच्या साडूंनी फोटो काढला नाही असा जांभ्या दगडाच्या कुंपणाचा गडगा रत्नागिरी तालुक्यात उरलेला नाही, आणि त्यांनी ज्याला फोटोच्या बरोबर मधोमध उभं केलं असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सख्ख्या बायकोलासुद्धा त्यांनी ही सवलत दिलेली नाही. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो त्यांच्याच घरात लावलेला आहे. त्यात माझी मेव्हणी उजव्या कोपऱ्यात खालच्या अंगाला आहे आणि बाकी सगळी आरे-वारेच्या किनाऱ्यावरची वाळू. "हे मला फोटोत घेतात ते माप कळावं म्हणून," असं ती पाहुण्यांना सांगते. साडू त्यावर चिडत नाहीत. उलट म्हणतात, "बरोबर समजलीस. तू नसतीस तर वाळू केवढी आहे ते कळलंच नसतं."

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं ते एक्स-रे काढायचे. अर्ध्या जिल्ह्याच्या फासळ्या त्यांनी पाहिल्या आहेत, त्यामुळे रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव विसरतील, पण त्याचं खुब्याचं हाड विसरणार नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी भाषण केलं ते दोनच वाक्यांचं. "तीस वर्षं माणसाची छाती बरोबर मधोमध ठेवली. आता कुणालाही मधोमध ठेवणार नाही." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कॅमेरा घेतला. एक सवय मात्र सुटली नाही. फोटो काढताना ते कुणाला हसा म्हणत नाहीत. "दीर्घ श्वास घ्या... धरून ठेवा..." म्हणतात, आणि मग प्रकाश, रेषा, सावली यांचा विचार करण्यात इतके रमतात की "सोडा" म्हणायचं राहून जातं. माझ्या भाचीच्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत दोन्हीकडची मंडळी गाल फुगवून, डोळे वटारून उभी आहेत.

एक्स-रेच्या पाकिटातला जाड पुठ्ठा कापून त्यांनी एक चौकट केली आहे. ती कायम खिशात. चहाचा कप असो, नाही तर म्हशीचं पारडू, आधी चौकटीतून बघणार. जेवायला बसले की ताटावरही चौकट धरतात. "सगळा भार डावीकडे गेलाय," असं म्हणून सोलकढीची वाटी सरकवतात, लिंबाची फोड वरच्या कोपऱ्यात नेतात, आणि तोवर भात गार होतो. एकदा मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांनी एका मावशीच्या टोपलीतले बांगडे हाताने नीट ओळीत लावले, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. मग मधला एकच उलटा फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बघ. मघापासून नजर घसरत होती, आता थांबली." मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "डाक्टर, बांगडे घेताय की त्यांचं लगीन लावताय?" साडूंनी निमूटपणे सगळी टोपली घेतली. आम्ही दोन्ही घरांनी तीन दिवस बांगडे खाल्ले.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण मला जे सांगायचं आहे ते हसण्यासारखं नाही. माझ्या हातून या माणसाचा एक अपराध झाला, आणि त्याच्या आड माझ्या वडिलांचाही.

माझे वडील मालगुंडच्या पलीकडे आमच्याच वाडीतल्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी घरामागच्या गडग्यावर बसून समुद्र बघायचे. त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी साडूंना म्हटलं, "दादा, बाबांचा एक चांगला फोटो काढा, भिंतीवर लावण्यासारखा." साडू तीन दुपारी येऊन नुसते बसून गेले. "ऊन तिरपं येऊ दे. दुपारी बाराला गडग्याचा चिरा टकला दिसतो. साडेचारला त्याचं एकेक भोक बोलायला लागतं." चौथ्या दिवशी फोटो काढला आणि तीन फूट रुंद करून टेम्पोतून स्वतः घेऊन आले. फोटोत बाबा डावीकडे, गडग्यावर हात टेकून बसलेले. गडग्याची रेषा उजवीकडे उतरत उतरत समुद्राला मिळालेली. आणि उरलेल्या दोन तृतीयांश भागात आकाश आणि पाणी. बाबा तिकडे बघत होते.

मला काय दिसलं? मला दिसलं की बाबा एवढेसे आणि आकाश एवढं थोरलं. लोक भिंतीवर माणूस लावतात, आकाश कोण लावतं? साडूंचा टेम्पो वळणाआड जाताच, बाबांनी बघायच्या आधीच, मी फोटो गुंडाळला आणि चौकटवाल्याकडे नेला. तो बिचारा दोनदा म्हणाला, "कापू नका हो, बरा दिसतोय." मीच म्हटलं, "कापा." नेहमीच्या मापाची चौकट बसली, बाबा ऐन मध्यावर आले, दोन्ही बाजूंना चौकट अगदी चिकटून. कापलेली पट्टी चांगली जाड होती म्हणून घरी आणली, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर लोणच्याच्या बरणीखाली अंथरली. तीही मीच, बायकोने नव्हे. साडूंनी भिंतीवरचा फोटो पाहिला तेव्हा ही छोटी प्रत आहे, मोठा जपून ठेवलाय, असं मी त्यांना सांगितलं.

बाबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "समुद्र नाही आला वाटतं."

मी म्हटलं, "नाही आला, बाबा."

दोन वर्षांनी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तोच फोटो बुद्धमूर्तीशेजारी ठेवला, पांढरी फुलं वाहिली. रात्रीपर्यंत माणसं येत होती. सगळे गेल्यावर आई म्हणाली, "ह्यांना चौकटीला नाक लावून कशाला बसवलंस रे? शाळेत पोरांना उभं करायचे तसं दिसतंय." फोटोचं शास्त्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

महिन्याभराने साडू जेवायला आले. लोणचं घ्यायला स्वतःच उठले, बरणी उचलली आणि तसेच उभे राहिले. फळीवर तेलाचं गोल वर्तुळ होतं आणि त्याच्या भोवती आरपार पसरलेलं आकाश. "हे माझं आकाश आहे," ते एवढंच म्हणाले. बरणी त्यांनी परत बरोबर त्या वर्तुळावर ठेवली, लोणचं न घेता जेवले आणि गेले.

त्यानंतर त्यांनी फोटो काढणं सोडलं. मेव्हणीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज घाबरा होता. "ह्यांची चौकट कपाटात गेलीय. ताटात वाढलेलं मुकाट्याने जेवतात. काल मी मुद्दाम सगळं एका बाजूला वाढलं, तरी काही बोलले नाहीत. मला बाई भीती वाटते."

मी दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीत त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. कापलं ते सांगितलं, आणि बाबांशी खोटं बोललो तेही सांगितलं. ते आजवर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. साडू खाली बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ती जागा रिकामी नव्हती रे. मास्तर बघत होते ना? मग बघणाऱ्याला बघायला जागा नको? तू त्यांची नजर कापलीस." मग त्यांनी विचारलं, "कापताना श्वास धरला होतास?"

"धरला होता, दादा."

"मग सोड आता," ते म्हणाले. इतक्या वर्षांत "सोडा" म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. उठले, कॉम्प्युटर चालू केला आणि कपाटातून चौकट काढून खिशात घातली. आतून मेव्हणी म्हणाली, "भात वाढू का?" साडू ओरडले, "वाढ, पण डाळ उजवीकडे!"

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला नवा फोटो ओटीवर लागला. साडेचार फूट रुंद, अख्खा. वाडीतली झाडून सगळी माणसं आली, मुंबईहून चाकरमानी आले, बाबांचे विद्यार्थी आले. साडू दाराशी हात मागे बांधून उभे होते. जो कुणी फोटोसमोर यायचा तो आधी बाबांकडे बघायचा, मग त्याची नजर गडग्यावरून घसरत जायची, आणि शेवटी तो मान वळवून उजवीकडच्या भिंतीकडे, जणू खिडकीच आहे अशा भावाने बघायचा. साडू माझ्या बरगडीत कोपर मारत होते. "बघ, वळला. हा पण वळला. त्या म्हातारीला बघ, ती पदर सावरतेय, वारा लागला तिला!" चौकटवालासुद्धा आला होता. त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि साडूंना वाकून नमस्कार केला. एवढा विजयी माणूस मी निवडणुकीतसुद्धा पाहिलेला नाही.

आईने मात्र कुणाला न विचारता आपली खुर्ची उचलली आणि फोटोच्या उजव्या टोकाखाली, आकाशाच्या खाली नेऊन ठेवली. तेव्हापासून तिथेच बसते, तिथेच तांदूळ निवडते. साडूंनी चौकटीतून बघितलं आणि म्हणाले, "आता तोल बरोबर झाला. हे मला सुचलं नव्हतं."

संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी फोटोसमोर उभा राहिलो. आईचा डोळा लागला आहे असं वाटलं म्हणून हळूच म्हटलं, "बाबा, समुद्र आला होता."

आई डोळे न उघडता म्हणाली, "त्यांना काय सांगतोस? ते तिकडेच बघतायत."