हिच्याशी बोलायचं कसं?

कापडगिरणीतल्या मुकादमबाईंना सगळे ‘तोफ’ म्हणत. भरतीच्या दिवशी त्यांनी एका बहिऱ्या पोरीला परत पाठवलं. तिची मावशी तिथंच माग चालवायची. तिला म्हणाल्या, “हात चांगलाय गं पोरीचा, पण हिच्याशी बोलायचं कसं?”

पोरगी निघाली आणि तोफेच्या जिवाला चैन पडेना. अर्धा चहा तसाच टाकून, धुसफुसत त्या मागांकडे गेल्या. खडखडाटात कानठळ्या बसत होत्या. नेहमीसारखी दोन बोटं कातरीसारखी हलवून त्यांनी लांबूनच मावशीला विचारलं, धागा तुटला का? मावशीनं हात हलवून सांगितलं, नाही.

तोफेची बोटं हवेतच राहिली. इथं सगळे जन्मभर हातांनीच तर बोलत आले होते!

“अगं ए, थांब!” त्या फाटकातून गरजल्या. अख्खा रस्ता वळून बघायला लागला. ती पोरगी तेवढी पाठमोरी चालत राहिली.

चपला हातात घेऊन तोफ पळत सुटली.