पाचटाचा धूर

हा प्रवास कुणी हौसेनं करू नये. दिल्लीत महात्म्यांचा खून झाला, मारणारा ब्राह्मण निघाला आणि आमच्या सातारा-सांगलीकडे ब्राह्मणांची घरं पेटू लागली. पलूसजवळच्या खेड्यात माझी विधवा आत्या एकटी राहायची. तिला मिरजेला आणायचं म्हणून सकाळची गाडी पकडली. बायकोनं झुणका-भाकरी बांधून दिली आणि बजावलं, "वाटेत तोंड उघडू नका. बोलण्यावरून जात कळते." एरवी मी तिचं ऐकत नाही. त्या दिवशी ऐकलं.

भिलवडीला उतरलो. टांगेवाला दुप्पट मागू लागला, मुकाट चालत निघालो. रस्ता सपाट, दोन्हीकडे ऊस. वाटेतल्या एका गावात धान्य, भांडी, पाळणासुद्धा चौकात आणून जाळलेला.

"नेलं न्हाई व्हय कुनी काय?" बघणाऱ्यांतल्या एकानं दुसऱ्याला विचारलं.

"नेऊच दिलं न्हाई. समद्यांनी बघाय पायजे म्हनले लॉरीवाले."

मी पाय उचलला.

आत्या निवांत तांदूळ निवडत होती! शेजारचा दादोबा, फौजेतून परतलेला शेतकरी, तिला विनवत होता, "आवं काकू, लॉऱ्या निघाल्यात. चला."

"मी कुणाचं काय केलंय?"

"तुमाला कोन इचारतंय? त्यास्नी धूर दिसाय पायजे."

बोलता बोलता तो थांबला, अन् धावत जाऊन गाडीभर पाचट घेऊन आला. उसाचा तो वाळला पाला परसाच्या टोकाला ओतून त्यानं काडी लावली. त्याची बायको भिंतींवर पाणी मारत राहिली. मी आत्याला ओढत समोरच्या उसात शिरलो. तिथून घर आणि वेस दोन्ही दिसत होती. लॉरी आली तसा दादोबा वेशीत जाऊन उभा राहिला.

"हितलं झालं का रं?"

"झालं की! धूर दिसंना व्हय?"

आरोळ्या ठोकत लॉरी पुढच्या गावाला वळली. माझा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र घराकडेच बघत होती. आळीतली माणसं आपापल्या दारात उभी होती. पाचटाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

दोन महिन्यांनी दादोबा मिरजेला आला. "काकू, घर हाय तसं हाय. चला की."

आत्यानं त्याला आग्रहानं जेवू घातलं. मग म्हणाली, "घर जळतंय असंच समजले होते ना रे सगळे? तुझ्या घरच्यांशिवाय एक घागर आली नाही." आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

त्या बाजूला गेलात तर वेशीजवळ ते घर दिसेल. अजून शाबूत आहे. आत्या पुन्हा तिथं गेली नाही.