भार टाका, आजी

खांबताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, अंघोळ घालायची हे तिचं काम. ते करताना ती त्यांच्या पाठीमागे अशी काही पाय रोवून उभी राहायची, की बरोबरच्या बायकांनी हे नाव पाडलं. परक्या मुलखातून आलेल्या बाईला नाव पडावं आणि तेही असं, याचा तिला भारी अभिमान.

रोज सकाळी ती ज्या आजींकडे जायची, त्यांनाही तिची रीत ठाऊक झाली होती. "आजी, भार टाका माझ्यावर. पडायचंच तर माझ्या अंगावर पडा." मग न्हाणीघरातल्या स्टुलावर आजी निर्धास्त पाठ टेकायच्या आणि पाणी गार आहे म्हणून तिलाच रागे भरायच्या.

पुढे टीव्हीवर एक मोहीम सुरू झाली. 'तुमच्या घरात कोण शिरलंय?' निवेदक रोज असा बोंबलायचा, जणू याच्याच घरची भांडी गेलीत. बाहेरून आलेले सगळे चोर, सगळे लबाड, आणि पुराव्याला फिरूनफिरून तेच दोन चेहरे. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते विषाचंही साचतं. आजी अंग आखडून बसू लागल्या, नळ घट्ट धरू लागल्या. आणि ओल्या फरशीवर घसरतं ते असं आखडलेलं माणूसच. एका सकाळी घसरल्याच. खांबताईनं वरच्यावर झेललं म्हणून निभावलं.

तिनं त्यांना परत स्टुलावर बसवलं, तोवर सून धावत आली. "आई, दुसरी बाई मागवू का?"

आजी ओशाळल्या. "नको गं. ही तशी नाही. ही त्यांच्यातली वाटतच नाही."

काम वाचलं होतं. आता नुसतं हसून गप्प बसायचं होतं. पण खांबताईला ते कौतुक गिळवेना.

"आजी, मी त्यांच्यातलीच आहे. माणसाला सावरायचं कसं, हे मला माझ्या आईनं शिकवलं. तीही त्यांच्यातलीच. ठेवायचं तर तसं समजून ठेवा."

सून चपापली. आजींनी हातातला टॉवेल बाजूला ठेवला. मग नळ सोडून त्यांनी सगळी पाठ मागे टेकली.

"तुझ्या आईला सांग," त्या म्हणाल्या, "पोरीला चांगलं वळण लावलंस."

संध्याकाळी खांबताईनं फोनवर आईला सकाळचं सगळं सांगितलं, तो निरोपही जसाच्या तसा.

"ते असू दे," पलीकडून आई म्हणाली. "म्हातारीला लागलं नाही ना कुठे?"