सुप्रभाकाकूंनी निवडलेला लोडर

जपानातल्या आमच्या मराठी मंडळात नवीन जोडपं आलं की त्यांचा पहिला धडा सुप्रभाकाकूंकडे असायचा. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्यांची झाकणं वेगळी का काढायची, कोन्बिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, भाताच्या कुठल्या गोळ्यात मासा नसतो, हे सगळं त्या सांगायच्या आणि सांगता सांगता समोरच्याच्या ताटात पोळी वाढत राहायच्या. योकोहामात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पंढरीनाथकाका तिथल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. मुलगा अमेरिकेला गेल्यावर काकूंनी जवळच्या बेन्तोच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरला. सकाळी डबे भरायचे आणि दुपारी घरी यायचं.

काकूंना एकच खोड होती. त्या मदत करायच्या आणि केलीच नाही असं दाखवायच्या. आमच्या घरची भांडी घासून टाकतील आणि वर म्हणतील, "मी कुठे? तूच घासलीस की मगाशी." मला त्याचा राग यायचा. मी भांडी घासली तर ती मी घासली हे चार लोकांना कळलेलं मला आवडतं.

सत्त्याण्णवच्या दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी एकांकिका लिहिली आणि बसवायलाही घेतली. कावासाकीच्या दोन खोल्यांत नवऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा लोकांवर ओरडणं बरं, असा माझा विचार. इन्स्पेक्टर म्हणजे काका, हे ठरलेलंच होतं. मंडळाच्या नाटकात काका नसले तर प्रेक्षक भजी खायला बाहेर जायचे. मी त्यांच्यासाठी खास प्रसंग लिहिला. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढायचं आणि खुन्याच्या डोळ्यांत बघत एकेक काडतूस सावकाश आत सरकवायचं, प्रत्येक काडतुसाला एक वाक्य.

रिव्हॉल्व्हर माझ्या नवऱ्याने, सुशीलने, आणलं. जपानात खरी बंदूक साध्या माणसाच्या दृष्टीसही पडत नाही, पण हुबेहूब नकला जमवणारे शौकीन खूप. आमची नक्कल प्लॅस्टिकची, नळी बुजवलेली, पॉइंट टू-टूच्या रिव्हॉल्व्हरची. म्हणजे चक्राला आठ भोकं आणि काडतुसं पेन्सिलीहून बारीक. सुशील म्हणाला, "हलकं आहे, काकांना बरं पडेल."

पण तालमीत काका तो प्रसंग करेचनात. एकदा म्हणाले, "हे शेवटी करू." एकदा बंदूक घरीच विसरले. एकदा म्हणाले, "नयना, तू नुसती वाक्यं ऐक, काडतुसांचं काय एवढं?" माझं डोकं फिरलं. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"सगळ्या गोळ्या एकदम भरायचं काहीतरी मिळतं म्हणे. ते घेऊया का गं?"

"स्पीडलोडर? काकू, अहो, एकेक भरण्यातच तर ड्रामा आहे! सीनचा जीवच तो!"

"असेल. पण उद्या माझ्याबरोबर दुकानात चल." काकू कधी कुणाला 'चल' म्हणून थांबत नसत, पुढे 'जमलं तर' असायचंच. या वेळी नव्हतं, म्हणून मी गेले.

दुकान कान्नाइ स्टेशनमागच्या गल्लीत होतं. मालक ओकुमुरा-सान सत्तरीचे, नाकावर चष्मा, अंगात विणलेलं जाकीट. काकूंनी आमचं रिव्हॉल्व्हर पिशवीतून काढून ठेवलं. आजोबांनी काचेखालचे बहुतेक लोडर बाजूला सारले. ते सहा भोकांचे, जाड काडतुसांचे. मी म्हटलं, मग मोठं रिव्हॉल्व्हरच घेऊ. काकूंनी ते उचलून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं. "जड आहे. जडाने जास्त होईल," त्या म्हणाल्या. काय जास्त होईल, ते मला कळलं नाही.

शेवटी आतल्या खणातून बारीक काडतुसांचे तीन प्रकार निघाले. एक रबराची पट्टी, तिच्यातून दोन-दोन काडतुसं भोकांत घालून पट्टी सोलून काढायची. दुसरी गोल चकती, मागे छोटी कळ. काडतुसं भोकांवर धरून कळ पिळली की सगळी सुटतात. तिसरीही चकतीच, पण पिळायचं काही नाही, चक्रावर नुसती दाबायची. आजोबांनी पिळायच्या चकतीची शिफारस केली. सगळे तीच नेतात, म्हणाले.

काकूंनी डाव्या हातात रिव्हॉल्व्हर घेतलं, उजव्यात चकती, आणि डोळे मिटले. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जशी आपण विडीतली तंबाखू चुरतो, आणि मनगट त्या तालावर हलत होतं. मला वाटलं त्यांना काही होतंय. मी धरायला गेले तर त्या म्हणाल्या, "थांब, करू दे."

कळ पिळताना काडतुसं घरंगळली. पट्टी तर सोलताच आली नाही. काकू डोळे न उघडता पुन्हा पुन्हा करून बघत होत्या, आणि माझ्या एकदम लक्षात आलं की हा हात त्यांचा नव्हताच. हा काकांचा हात होता. त्यांनी तो इतके दिवस शेजारी बसून, शेजारी झोपून पाठ केला होता.

ओकुमुरा-सानांनी खाली सांडलेली काडतुसं वेचली, तिसऱ्या चकतीत बसवली आणि ती काकूंच्या हलत्या हातात दिली. "ही घ्या," ते हळूच म्हणाले. "काडतुसांना भोकं सापडायला हात थोडा हलवावाच लागतो, आम्ही सगळेच हलवतो. हलू द्या, आपोआप बसतात. मग फक्त दाबायचं."

काकूंनी चकती चक्रावर टेकवली. हात हलला, काडतुसांची टोकं भोकांत शिरली, त्यांनी दाबलं आणि खट् झालं. काकूंनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कंपवात?"

"हो. एकटेच डॉक्टरकडे जाऊन आले. मला वाटतं, मला कळलेलं त्यांना ठाऊक नाही. चहा अर्धाच कप मागतात, मी अर्धाच देते. कोटाची बटणं लावत नाहीत, म्हणतात गरम होतंय."

"मग विचारत का नाही तुम्ही?"

"लपवायला किती कष्ट पडतात त्यांना, नयना. ते मी कसे वाया घालवू?" चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "स्टेजवर सगळ्यांसमोर काडतुसं सांडली ना, तर हे परत उभे राहायचे नाहीत. घराबाहेरसुद्धा पडणार नाहीत. माणूस गमावेन मी."

पुढच्या तालमीत मी जोरात जाहीर केलं की सीन रेंगाळतोय, एकेक भरणं रद्द. काकांनी लोडर उलटसुलट करून पाहिला. "आणि हे भोकात बसणार कसं?"

"हात थोडा हलू द्यायचा, काका. आपोआप बसतात."

"हलू द्यायचा?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. "बरं. दिग्दर्शक म्हणेल तसं."

प्रयोग नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी झाला. काकू प्रॉम्प्टिंगसाठी विंगेत संहिता घेऊन बसल्या होत्या, मी त्यांच्यामागे उभी होते. काकांनी चक्र उघडलं, खिशातून लोडर काढला आणि टेकवला. पहिल्यांदा तो घसरला. हात आता वेड्यासारखा थरथरत होता, आणि काकांची नजर आधार शोधत विंगेकडे वळली.

तिथे काकूंचा हात हलत होता. मांडीवरच्या संहितेवर, नकळत, अगदी काकांसारखाच, तोच अंगठा, तीच तर्जनी. काका तो हात बघत राहिले. मग त्यांनी खुन्याकडे तोंड वळवलं आणि आपला हात मोकळा सोडून दिला. खट्. इन्स्पेक्टर रागाने कापतोय असं समजून लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मी मात्र विंगेत हमसून रडत होते, आणि काकू काही झालंच नाही असं दाखवत मला संहितेतलं पुढचं वाक्य दाखवत होत्या.

संध्याकाळी आम्ही चौघं स्टेशनवर उभे होतो. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. काकांचा कोट नेहमीसारखा उघडा. सुशील नाटकाबद्दल काहीबाही बोलत होता. काका एकदम काकूंसमोर जाऊन उभे राहिले आणि कोटाच्या दोन्ही बाजू त्यांनी पुढे धरल्या.

"लाव," ते म्हणाले.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

काकूंनी पिशवी माझ्याकडे दिली आणि वरचं बटण धरलं. पण ते काजात जाईना. काकूंची बोटं थरथरत होती, आणि या वेळी ती त्यांची स्वतःचीच होती.

"हलू दे गं," काका म्हणाले. "आपोआप बसेल."